रुमालातले रविवार

रविवारचं वर्तमानपत्र दारात पडलं की ती घटना मला अजून आठवते. चौतीस वर्षं मी कर्नाटक पोलीस खात्यात काढली, त्यातली बरीचशी बीदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांत. खून पाहिले, दरोडे पाहिले, हमरस्त्यावर उभ्या लॉऱ्यांमधून काय काय उतरवलं जातं तेही पाहिलं. त्या प्रकरणांबद्दल कुणी विचारलं तर मला जुन्या वह्या काढाव्या लागतात. हे एक मात्र तोंडपाठ आहे. यात चोर सापडला नाही, चूक सापडली, आणि ती चूक माझी होती.

नावं कुणाचीच लिहिणार नाही. त्यातली काही माणसं हयात आहेत आणि आमचं येणं-जाणं आहे.

मी तेव्हा बीदरला इन्स्पेक्टर होतो. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. माझं गाव भालकीकडचं. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी, असं आमच्याकडे सगळ्यांचंच असतं. ठाण्यातलं लिखाण कन्नडमध्ये चालायचं आणि माझी खासगी वही मराठीत. ती वही समोर ठेवूनच हे लिहितो आहे.

बीदरमध्येच नौबादच्या बाजूला एका संस्थेचा जुन्या कागदपत्रांचा संग्रह आहे. गावातली माणसं त्याला नुसतं 'दफ्तर' म्हणतात. एका निवृत्त शिक्षकांनी सायकलवरून गावोगाव फिरून तो उभा केला. घराघरांतल्या पोथ्या, सनदा, रोजनिश्या, तुरुंगातून बायकोला लिहिलेली पत्रं, जे मिळेल ते त्यांनी गोळा केलं. त्यांना सगळे मोठे साहेब म्हणायचे. ते वारून काही वर्षं झाली होती. प्रत्येक घराण्याचे कागद लाल कापडात बांधलेले असतात. त्या कापडाला रुमाल म्हणतात आणि प्रत्येक रुमालाला नंबर असतो. कपाट उघडलं की वेखंडाचा वास येतो. कसर लागू नये म्हणून प्रत्येक रुमालात वेखंडाचा तुकडा टाकतात.

श्रावण संपत आला होता. मंगळवारी दुपारी तिथल्या संचालक मॅडम स्वतः ठाण्यात आल्या. धारवाडकडच्या, वयानं तरुण, कामाला कडक. त्यांना येऊन आठ महिने झाले होते. त्यांनी एक लाल गाठोडं माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "सोडून बघा."

मी सोडलं. आत वर्तमानपत्रं होती. नीट घड्या घातलेली, एकावर एक, बरोबर एका पोथीच्या मापाची.

"यात मादन हिप्परग्याच्या एका घराण्याची पोथी हवी होती," मॅडम म्हणाल्या. "बसवण्णांना मानणारं घर. एका पानावर कन्नडमध्ये त्यांची वचनं उतरवलेली आहेत आणि समोरच्या पानावर मोडीत घरच्या नोंदी. पाच-सहा पिढ्यांचे हात आहेत तिच्यात. अशी दुसरी पोथी आमच्याकडे नाही. आज स्कॅनिंग सुरू करायचं म्हणून पहिला हाच रुमाल काढला."

"कपाटाची किल्ली कुणाकडे असते?"

"एक माझ्याकडे, एक अप्पांकडे."

अप्पा म्हणजे तिथले शिपाई. मोठ्या साहेबांच्या वेळेपासूनचे. निवृत्ती दोन महिन्यांवर आलेली.

"त्यांना विचारलंत?"

"विचारलं ना. म्हणाले, येईल मॅडम, दोन दिवसांत येईल. कुठून येईल, कोण आणील, ते सांगत नाहीत."

तो 'येईल' माझ्या कानात बसला. माल बाहेर गेला आहे, सौदा व्हायचा आहे, बोभाटा झाला तर परत आणून ठेवू, असा मी त्याचा अर्थ लावला. मूळ काढून जागी रद्दी भरणं ही मूर्ती चोरणाऱ्यांची जुनी रीत मला माहीत होती. गुन्हा नोंदवला, दफ्तरात जाऊन कपाटाचा पंचनामा केला. आमच्याकडे त्याला महजर म्हणतात. तो रुमाल वर्तमानपत्रांसकट मुद्देमाल म्हणून जप्त केला.

कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं. दफ्तराला सोमवारी सुट्टी असते. रविवारी संध्याकाळी दफ्तर बंद करून अप्पा कापडी पिशवी छातीशी धरून बाहेर येतात, कुलूप लावतात, कुलपाला हात लावून तो कपाळाला लावतात आणि कॅमेऱ्याकडे बघत सरळ निघून जातात. हेड कॉन्स्टेबल म्हणाला, "सर, चोर असा जातो का?" मी त्याला म्हटलं, निर्ढावलेला असाच जातो. तो बिचारा गप्प बसला. हाताखालच्या माणसाला गप्प बसवणं फार सोपं असतं आणि मला ते चांगलं जमायचं.

अप्पांचा फोटो मी माझ्या दोन-तीन खबऱ्यांच्या मोबाइलवर पाठवला होता. बुधवारी सकाळी हुमनाबादच्या बसस्टँडवरच्या चहावाल्याचा फोन आला.

"साहेब, ह्यो म्हातारा सोमवारी सकाळी हितं गाडी बदलला. पिशवी मांडीवर धरून बसला होता. खाली ठिवा म्हणलो तर ठिवना. चहा बी एका हातानं पिला."

"कुठल्या गाडीत बसला?"

"कलबुर्गीच्या. आन् आजून एक सांगतो. गेल्या हप्त्यात हैदराबादचा एकजण ढाब्यावर उतरला होता. जुन्या पोथ्या, ताडपत्रं कुणी इकायलंय का म्हणून इचारायलता."

दोन्ही खबरा खऱ्या होत्या. अप्पा पिशवी घेऊन गेले होते आणि हैदराबादचा माणूसही आला होता. त्या दोन खऱ्या गोष्टी एकमेकींना बांधून मी एक खोटी गोष्ट तयार केली. मला तेव्हा ती इतकी पटली की दुपारी वरिष्ठांना फोन करून 'दोन दिवसांत उलगडा करतो' असं सांगूनही टाकलं. असं सांगून टाकलं की पुढचा तपास आपण सत्यासाठी करतो की दिलेल्या शब्दासाठी, हे आपलं आपल्यालाच कळत नाही.

अटक केली नाही. वय बघून नोटीस दिली. सकाळी दहाला ठाण्यात यायचं, संध्याकाळी सहाला घरी जायचं, बीदर सोडायचं नाही. बसस्टँडवर साध्या कपड्यांत एक शिपाई उभा केला. आरोपपत्र गेलं असतं तर अप्पा निवृत्तीच्या तोंडावर निलंबित झाले असते आणि तीस वर्षांची नोकरी 'चोर' या शब्दावर संपली असती. हे मी त्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं.

"व्हय साहेब," ते म्हणाले. बारीक अंगाचे, पांढरा शर्ट, कपाळावर विभूतीच्या तीन रेघा.

"पोथी तुम्ही नेलीत?"

"नेलो."

"कुणाला दिलीत?"

गप्प.

"हैदराबादच्या माणसाला ओळखता?"

"न्हाई."

"मग कुठं आहे पोथी?"

"जितं हाय तितं बरी हाय साहेब. मला एक दिवस सोडा. सकाळी जातो, रातच्याला घिऊन येतो. तुमच्या टेबलावर आणून ठिवतो."

मी हसलो. इतकी वर्षं हेच ऐकत आलो होतो. एक दिवस सोडा म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी सोलापुरात सापडतो, नाहीतर सापडतच नाही.

त्यांच्या फोनचे तपशील मागवले. सोमवारी दुपारी मॅडमचा एक फोन आलेला, उद्या आठ वाजता हजर राहा म्हणून. त्यांनी स्वतः कुणालाच फोन केला नव्हता. हेही मला हुशारीचंच लक्षण वाटलं. एकदा माणूस चोर ठरवला की तो काहीही करो, ते चोराचंच दिसतं.

बुधवार गेला, गुरुवार गेला. अप्पांचं एकच पालुपद, एक दिवस सोडा. दुपारी शिपाई डबा पुढे करायचे तर म्हणायचे, "भाकर नको, चहा द्या." उपाशी राहून दया मिळवायचा प्रयत्न आहे, असं मी वहीत लिहिलं आहे. ती ओळ मी अजून खोडलेली नाही.

रिकामं बसणं मात्र त्यांना जमत नव्हतं. आमच्या रायटरच्या खोलीत, म्हणजे ठाण्याचं लिखाण सांभाळणाऱ्या कॉन्स्टेबलच्या खोलीत, निकाल लागलेल्या केसच्या फायलींचा ढीग होता. सुतळ्या तुटलेल्या, कोपरे दुमडलेले, उंदरांनी कडा खाल्लेल्या. गुरुवारी दुपारी मी डोकावलो तर अप्पा फरशीवर मांडी घालून त्या फायली वर्षांप्रमाणे लावून बांधत होते. रायटर खुशीत होता.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी न्हाई. इस्कटलेलं बघून बसवना." एक गठ्ठा माझ्याकडे सरकवून ते म्हणाले, "निरगाठ मारायची न्हाई साहेब. सुरगाठ मारायची. उद्या कुणाला कागद बघायचा आसंल तर त्याला दोरी कापायला लागू नये."

मी टोक ओढलं. गाठ एका हातानं सुटली. मी खोलीत परत आलो.

शुक्रवारी माझा तोल गेला. वरून दोनदा विचारणा झाली होती. मी अप्पांना समोर उभं केलं आणि इतके दिवस जपलेलं 'तुम्ही' सोडलं. "तू मोठ्या साहेबांचं नाव बुडवलंस," असं म्हणालो. एवढं सगळं निमूट ऐकणाऱ्या त्या माणसाच्या डोळ्यांत त्या एका वाक्यानं पाणी आलं. मला वाटलं, आता फुटेल. पण ते म्हणाले, "त्यांचं नाव कामून घ्यायलाव साहेब. त्यांचा शब्द हाय म्हणूनच तर गप हाव."

त्या दुपारी मुद्देमालाची यादी करायची राहिली होती. नियमाप्रमाणे 'जुनी वर्तमानपत्रं, एक गठ्ठा' एवढं लिहून भागलं असतं. पण रागावलो की मला बारीक-सारीक काम हातात घ्यायची सवय आहे. मी तो गठ्ठा उलगडला आणि एकेक अंकाची तारीख सांगू लागलो. आमची एक महिला कॉन्स्टेबल लिहून घेत होती.

गठ्ठ्यात सतरा अंक होते आणि सतरा वेगवेगळ्या वर्षांचे होते. सगळ्यांत वर चार-पाच दिवसांपूर्वीचा, त्याखाली गेल्या वर्षीचा, त्याखाली त्याच्या आदल्या वर्षीचा. खालचे अंक पिवळे पडलेले. बहुतेक ऑगस्टमधले, काही सप्टेंबरच्या सुरुवातीचे, एक तर सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातला.

"वारही लिहू का सर?" तिनं विचारलं. "सगळे रविवारच आहेत."

पोथी लंपास करणारा माणूस हाताला लागेल ती रद्दी भरतो. सतरा वर्षांचे रविवार कोण जमवत बसेल? मी यादी पुढे ओढली. तारखा कुठल्याच हिशेबात बसेनात. शेवटी तीच म्हणाली, "सर, हा सप्टेंबरमधला अंक आहे ना, त्या वर्षी अधिक महिना होता. श्रावण लांबला होता. आमच्या घरी श्रावणी सोमवार असतात म्हणून लक्षात आहे. हे रविवार म्हणजे श्रावणातल्या शेवटच्या सोमवारच्या आदल्या दिवसाचे असतील."

मोबाइलवर एकेक वर्षाचं पंचांग काढून आम्ही ताडून पाहिलं. सतराही बरोबर निघाले.

शनिवारी सकाळी अप्पा आले तेव्हा मी त्यांना बसायला खुर्ची दिली. विचारलं, "अप्पा, शेवटच्या श्रावणी सोमवारी मादन हिप्परग्याला कुणाच्या घरी पूजा असते?"

त्यांनी खुर्चीवरून उठून हात जोडले. मग म्हणाले, "साहेब, तिच्या दारात जीप पाठवू नका. लई म्हातारी हाय."

मग सगळं बाहेर आलं. त्या घरात आता एकटी अक्का उरली होती. ऐंशीच्या पुढची, विधवा, पोटी मूलबाळ नाही. घराण्याची रीत अशी की शेवटच्या श्रावणी सोमवारी पोथीची पूजा करायची, रात्रभर दिवा ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यावर ती हलवायची. मोठे साहेब पोथी मागायला गेले तेव्हा अक्काच्या नवऱ्यानं अट घातली की त्या दिवशी ती दर वर्षी घरी आली पाहिजे. मोठ्या साहेबांनी शब्द दिला. पण संस्थेच्या नियमात कागद बाहेर नेण्याची सोय नव्हती. एका घराला दिलं की शंभर घरं मागतील. म्हणून ते अप्पांना म्हणाले, तूच ने, तूच आण, आणि कुठं लिहू नकोस.

"आणि ही वर्तमानपत्रं?"

"रुमाल रिकामा ठिवायचा नसतो साहेब. रिकामा दिसला की कुणीतरी त्यात दुसरंच बांधतो. मग पोथी आली की तिला जागा ऱ्हात न्हाई." पुढे म्हणाले, "आन् मोठे साहेब लिहू नको म्हणले. म्हणून लिहिलो न्हाई. त्या दिवशीचा पेपर ठिवलो. तारीख पेपरवर असतीच की."

मी ज्याला पुरावा लपवणं समजत होतो ती त्या माणसाची नोंदवही होती. दर वर्षी पोथी परत आणली की तो गठ्ठा काढून ते कपाटाच्या वर ठेवायचे. पुढच्या वर्षी नवा अंक वर घालून पुन्हा रुमालात. या वर्षी सोमवारी दुपारी मॅडमचा फोन आला. पूजा मांडलेली, सूर्योदयाआधी पोथी हलवता येईना, आणि नोकरी तर करायची. पोथी तिथंच ठेवून ते एकटेच परतले, बुधवारी पुन्हा जाऊन आणू म्हणून. मंगळवारी सकाळी रुमाल सुटला आणि बुधवारपासून मी त्यांना बसवून ठेवलं.

"फोन तरी करायचा."

"तिच्याकडं फोन न्हाई. शेजारी केलो असतो तर तुमी नंबर बघून जीप धाडला असता. धाडला असता का न्हाई?"

धाडली असती. मी मान हलवली.

"साहेब," ते म्हणाले, "पोथी घरात हाय तवर अक्का जेवत न्हाई. दूध तेवढं पिती. दिव्याजवळ बसून असती. दर साली एका दिवसाचं आसतंय. आज सहावा दिवस हाय. म्हणून म्हणलो, मला एक दिवस सोडा."

त्यांचा डबा न खाण्याचा अर्थ मला तेव्हा कळला. मला माझी शरम वाटली. पण पोलिसाची खोड अशी की शरम वाटली तरी आधी खात्री करायची. अप्पा म्हणत होते, मला घेऊन चला, तुमच्या हातात ती देणार नाही. मी ऐकलं नाही. त्यांना ठाण्यातच बसवून, हद्दीतल्या ठाण्याला फोनवर कळवून, जीप पाठवू नका असं बजावून, साध्या कपड्यांत माझ्याच गाडीनं एकटा निघालो. हुमनाबाद, कलबुर्गी, आळंद करत मादन हिप्परग्याला पोचायला दुपारचे दोन वाजले.

दगडी घर, पुढं ओसरी, दार उघडंच. आतल्या खोलीत समईजवळ अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोर पाटावर पोथी, तिच्यावर सुकलेली बेलाची पानं. शेजारची बाई दुधाचा पेला घेऊन विनवत होती आणि अक्का हातानं नको म्हणत होत्या. ओठ सुकलेले, आवाज खोल गेलेला.

"मी बीदरहून आलोय," एवढंच मी म्हणालो.

"दफ्तरातले का?" त्यांनी विचारलं. मी हो-नाही काही म्हणालो नाही. "अप्पा कामून आले न्हाईत? बरे हायत न्हवं?"

पोथी कुठं न्यायची, कधी न्यायची, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. सहा दिवस त्या बाईला अप्पांची काळजी लागून राहिली होती.

"बरे आहेत. कामात अडकलेत. पोथी माझ्याकडे द्या, मी नेतो. तुम्ही जेवून घ्या अक्का."

"तसं न्हाई देता येत बाबा. ज्यानं आणली त्यानंच न्यायची. मालक मोठ्या साहेबांपुढं तसंच बोलले होते."

कायद्यानं मी ती पोथी तिथल्या तिथं जप्त करू शकलो असतो. दोन पंच बोलवायचे, पंधरा मिनिटांचं काम. मी अंगणात आलो, ठाण्यात फोन लावला आणि हेड कॉन्स्टेबलला सांगितलं, अप्पांना घेऊन आत्ताच्या आत्ता नीघ, साध्या कपड्यांत, खासगी गाडीनं. अप्पांचं सकाळीच ऐकलं असतं तर त्या बाईचे चार तास वाचले असते.

ते चार तास मी त्या खोलीत बसून काढले. उठून जाणं मला शक्य नव्हतं. मधे अक्कानं मला जवळ बोलावलं आणि पोथी उघडून दाखवली. कन्नड पानं मला वाचता येत होती, मोडीतली येत नव्हती. त्या मोडीच्या पानांवर बोट ठेवून सांगू लागल्या, "हितं हिरीला पानी लागल्याचं हाय. ह्या पानावर आजेसासऱ्याचं धाकटं लेकरू गेल्याचं. हितं रझाकाराच्या टायमाला घर सोडून सोलापूरच्या अंगाला गेल्याचं. आन् हितं मी ह्या घरात आल्याचं हाय, माझ्या सासऱ्यांच्या हातचं."

"तुम्हाला मोडी येते अक्का?"

"अक्षर येत न्हाई. पान येतंय. सासूबाईंनी दाखवलेलं."

शेवटचं पान कोरं होतं. त्यावर त्यांनी नुसता हात फिरवला आणि पोथी मिटली.

सहा वाजता अप्पा आले. दारात चप्पल काढली, पाय धुतले, पोथीला हात जोडले. हेड कॉन्स्टेबल बाहेरच थांबला.

"कुठं अडकलाव अप्पा?" अक्कानं विचारलं. "सहा दिस झाले. ह्यानी बी काय सांगितलं न्हाई."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं.

"ह्या साहेबांचे कागद बांधायला बसलो होतो," ते म्हणाले. "लई इस्कटलेले होते."

अक्का मान हलवून म्हणाल्या, "मग बांधून झाले न्हवं?"

"झाले. आता नीट हायत."

त्यात एक शब्दही खोटा नव्हता. मी ओसरीवर येऊन चष्मा पुसत बसलो.

अप्पांनी कोऱ्या कापडात पोथी बांधून उचलली आणि मगच अक्का उठल्या. शेजारणीनं मुगाचं पातळ वरण केलं होतं. अक्कानं दोन घास खाल्ले, मग भाकरी कुस्करून आणखी थोडं. अप्पांनीही बुधवारपासूनचं पहिलं जेवण तिथं केलं. मला वाढलं, मी जेवलो. निघताना अप्पांच्या हातातली पिशवी मी घेतली, तर अक्का म्हणाल्या, "हळू धरा बाबा." परतताना माझी गाडी हेड कॉन्स्टेबलनं चालवली आणि अप्पांशेजारी बसून बीदर येईपर्यंत ती पिशवी मी मांडीवर धरली.

पुढचं खातं-कचेरीचं थोडक्यात सांगतो. तक्रार गैरसमजातून झाल्याचा अहवाल मी न्यायालयात दिला. आमच्याकडे त्याला बी रिपोर्ट म्हणतात. मॅडमला मी सगळं सांगितलं. त्या आधी चिडल्या, आणि त्यांचं चिडणं योग्य होतं. वस्तू जागेवर नसेल तर त्यांनी तक्रार करायलाच हवी होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या सतरा अंकांची पावती देऊन ते ठाण्यातून नेले आणि मोठ्या साहेबांच्या कागदांबरोबर बांधून ठेवले. संस्थेच्या बैठकीत ठराव करून घेतला आणि नोंदवहीत एक नवा रकाना आखला, 'घरी पूजेसाठी'. अप्पा दोन महिन्यांनी सन्मानानं निवृत्त झाले. त्या समारंभाला मी गणवेशात गेलो आणि सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. ते कावरेबावरे होऊन म्हणाले, "राहू द्या की साहेब, चहा घ्या."

मला या प्रकरणानं काय शिकवलं, असं नव्या भरतीची मुलं विचारतात. गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवत असतो, असं आम्हाला शिकवलेलं असतं आणि ते खरंही आहे. पण तो स्वतःला लपवतो आहे की दुसऱ्या कुणाला झाकतो आहे, हे बघायचं मला साठीच्या जवळ येईपर्यंत सुचलं नव्हतं. तीन दिवस तो माणूस माझ्याकडे एकच गोष्ट मागत होता. तिचं कारण मी शोधलं, पण ती मागणी काही मी ऐकली नाही.

अक्का अजून आहेत, आता अंथरुणाला खिळलेल्या. अप्पांचे गुडघे गेले आहेत, तीन गाड्या बदलणं त्यांच्यानं होत नाही. ज्यानं आणली त्यानंच न्यायची, ही अट मात्र कायम आहे. म्हणून दोन वर्षांपासून नव्या रकान्यात माझी सही असते. नेतो मीच, आणतो मीच.

गेल्या श्रावणातल्या त्या रविवारी संध्याकाळी मी दफ्तरात गेलो. अप्पाही रिक्षानं आले होते, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बघत होते. मी पोथी काढून पिशवीत ठेवली. नोंदवहीत सही झाली होती, तरी रुमाल रिकामा ठेवायला मन धजेना. हातात त्या दिवशीचं वर्तमानपत्र होतं. ते घडी करून रुमालात घातलं, वेखंडाचा तुकडा टाकला आणि गाठ मारली.

"निरगाठ मारलाव साहेब," अप्पा खुर्चीतून म्हणाले. "सोडा. परत बांधा."

मी सोडली आणि परत बांधली.